बुडी आणि वस्ताद : पाण्याखालील कौशल्याच्या शिक्षणपरंपरेचा इतिहास
(अकोला जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

२४ मे २०२२ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची एक बोट उलटली. सुमारे वीस पर्यटक स्कूबा डायव्हिंग आटोपून किनाऱ्याकडे परतत होते. या दुर्घटनेत दोन जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक तरुण अकोल्याचा होता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात 'स्कूबा' हा शब्द अनेकांच्या तोंडी आला तो या बातमीच्या निमित्ताने. समुद्राच्या तळाशी जाऊन सुखरूप वर आलेली माणसे पाण्याच्या पृष्ठभागावर, किनारा दृष्टिपथात असताना बुडाली, ही यातील विचार करण्यासारखी बाब आहे.

पाण्याखालील कौशल्य म्हणजे केवळ तळ गाठण्याचे कौशल्य नव्हे. पाण्याचा अंदाज घेण्यापासून सर्व माणसे कोरड्या जमिनीवर परत येईपर्यंतची ती एक साखळी असते. ही साखळी कोण शिकवतो, किती काळ शिकवतो आणि 'आज पाण्यात उतरायचे नाही' असे सांगण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रश्न केवळ क्रीडाशास्त्राचे नसून इतिहासाचेही आहेत. प्रस्तुत लेखात बुडी मारण्याच्या कौशल्याच्या शिक्षणाचा इतिहास वऱ्हाडची विहीर, भूमध्य समुद्रातील स्पंजवेचे, विसाव्या शतकातील डायव्हिंग संस्था, गोवा व द्वारका येथील सागरी पुरातत्त्व आणि मालवणचा किनारा अशा टप्प्यांनी मांडण्याचा प्रयत्न केला आहे. पाण्याखाली साधन नेहमी आधी पोहोचते, वस्ताद मागाहून येतो, आणि या दोहोंमधील अंतराची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, असे या इतिहासावरून दिसते. अकोला जिल्ह्याच्या दृष्टीने या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे.

वऱ्हाडची विहीर आणि दोर धरणारा हात

'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' ही म्हण मराठी माणसाला परिचित आहे. मात्र ही म्हण अर्धेच सत्य सांगते. ग्रामीण वऱ्हाडात नळयोजना आणि जलतरण तलाव येण्यापूर्वी पोहण्याची शाळा म्हणजे मळ्यातील विहीर. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाच्या कमरेला दोर बांधला जाई. पाठीशी वाळलेला भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा असे. दोराचे दुसरे टोक मामाच्या, काकाच्या किंवा थोरल्या भावाच्या हाती असे. मूल पाण्यात पडत असे हे खरे. पण वर कोणी तरी दोर धरून उभा आहे या खात्रीने ते पडत असे. दिवस जात तसा दोर सैल होई, भोपळा सुटे, आणि एके दिवशी मुलाच्या लक्षातही न येता दोर काठावरच राहून जाई.

या साध्या व्यवहारात शिक्षणशास्त्राची तीन तत्त्वे एकत्र आलेली दिसतात. आधार हळूहळू कमी करत जाणे, चूक झाली तरी जीव जाणार नाही अशी व्यवस्था करणे आणि शिकवणारा स्वतः त्याच पाण्यात वाढलेला असणे, ही ती तत्त्वे होत. पोहता येऊ लागलेल्या मुलाची पुढील परीक्षा बुडीची असे. विहिरीत पडलेली कळशी लोखंडी गळाला लागली नाही, तर ती तळातून काढून आणणारा पोहणारा गावात एखादाच असे आणि त्याला मान असे. त्याचे ज्ञान लिहिलेले नव्हते. कोणत्या विहिरीच्या कोणत्या बाजूला कपार आहे, पावसाळ्यानंतर कोठे गाळ साचतो, कानात दडा बसला की काय करावे, हे सारे तो करून दाखवीत असे.

पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा या नद्यांच्या काठी भोई समाजाकडेही अशा ज्ञानाचा मोठा साठा होता. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णेचे पाणी कावडीने आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला अभिषेक करण्याची परंपरा आहे. भर पावसाळ्यात हजारो भाविक नदीकाठी जमतात, तेव्हा पाणी ओळखणारा माणूस काठावर असणे किती आवश्यक आहे हे वेगळे सांगावयास नको.

व्यायामाच्या क्षेत्रात वऱ्हाडने 'वस्ताद' या संकल्पनेला संस्थेचे रूप दिले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंच्या पुढाकाराने स्थापन झाले. मल्लखांब, कुस्ती, लाठी यांसारख्या आखाड्यातील विद्या अभ्यासक्रमात बसविणे आणि त्या शिकविणारे शिक्षक घडविणे हे या संस्थेचे ऐतिहासिक योगदान होय. १९४९ मध्ये स्टॉकहोम येथील लिंगियाडमध्ये मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. आखाड्यातील विद्येला असा वर्ग, शिक्षक आणि परीक्षा लाभली; विहिरीतील विद्येला मात्र ती लाभली नाही. बुडी मारणाऱ्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच संपत राहिले.

साधन आले, शिक्षण मागे राहिले

श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांच्या परंपरा जगभर आहेत. तुतिकोरिनच्या मोतीमासेमारीत पाणबुड्या पायाशी दगड घेऊन तळ गाठी आणि होडीत बसलेला सहकारी दोर सांभाळी. दोराला हिसका बसला की तो त्याला वर ओढून घेई. वऱ्हाडच्या विहिरीप्रमाणे येथेही दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता. अशा परंपरेत नवे साधन अचानक आले तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्रीसमधील सिमी आणि कालिम्नोस या बेटांवर मिळते.

ही बेटे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी प्रसिद्ध होती. लहानपणापासून सराव केलेले तेथील पुरुष एका श्वासात खोल तळ गाठत. १८६० च्या दशकात तेथे पितळी शिरस्त्राणाचा, वरून पंपाने हवा पुरविणारा पोशाख आला. आता पाणबुड्या तळाशी दीर्घकाळ थांबू शकत होता. उत्पन्न वाढले, व्यापार वाढला. परंतु तळाशी किती वेळ थांबावे आणि वर किती सावकाश यावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. श्वास रोखून मारलेल्या एखाददुसऱ्या बुडीत शरीरात फारसा नायट्रोजन मुरत नाही. दाबाखालील हवा तासन्‌तास घेतल्यास तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, आणि माणूस झपाट्याने वर आला की सोडावॉटरची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, अर्धांगवायू आणि मृत्यू हे त्याचे परिणाम. पुढील काही दशकांत या बेटांवरील असंख्य तरुण मृत्युमुखी पडले किंवा कायमचे पंगू झाले. १९०० साली अँटिकिथेरा बेटाजवळचे प्राचीन जहाज शोधणारे पाणबुडे याच सिमी बेटाचे होते. सुप्रसिद्ध अँटिकिथेरा यंत्र या जहाजातून बाहेर आले. मात्र त्या मोहिमेत एका पाणबुड्याचा मृत्यू झाला आणि दोघांना अर्धांगवायू झाला.

हे पाणबुडे अननुभवी नव्हते. अडचण नेमकी येथेच होती. त्यांचा सराव जुन्या साधनाचा होता आणि आत्मविश्वास नव्या साधनावर टाकलेला होता. त्यांच्या वडीलधाऱ्यांना समुद्र माहीत होता, पण दाबाखालील हवा माहीत नव्हती. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये नायट्रोजनच्या बुडबुड्यांचे कारण स्पष्ट केले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे साधन आणि त्याच्या वापराचे शास्त्र यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले. 'पोहणाराच बुडतो' या लोकोक्तीचा याहून कठोर पुरावा क्वचितच सापडेल.

कौशल्याला अभ्यासक्रम लाभतो

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 'अ‍ॅक्वालंग' सिद्ध केले. पाणबुड्याच्या पाठीवर संकुचित हवेची टाकी आणि तोंडात, तो ज्या खोलीवर असेल त्या दाबाची हवा मागणीनुसार देणारा रेग्युलेटर, असे त्याचे स्वरूप होते. याचा एक सामाजिक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. पाणबुड्याला वरच्या माणसाशी जोडणारी नळी आणि दोर या साधनाने नाहीसे केले. माणूस पाण्याखाली प्रथमच खऱ्या अर्थाने मोकळा झाला आणि त्याच वेळी एकटाही झाला. तुटलेल्या दोराची जागा कशाने भरून काढायची, हा त्यानंतरच्या डायव्हिंग शिक्षणाचा मध्यवर्ती प्रश्न ठरला.

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले उत्तर मंडळाचे. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबने गावोगावच्या शाखांमधून शिक्षण दिले. जुने सभासद नव्यांना विनामूल्य शिकवीत, हिवाळाभर तलावात सराव चाले आणि मग समुद्राची पाळी येई. दुसरे उत्तर शाळेचे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्याने १९५४ मध्ये प्रशिक्षक तयार करण्याचा कार्यक्रम आखला; १९६० मध्ये 'नौई' आणि १९६६ मध्ये 'पाडी' या संस्था स्थापन झाल्या. अभ्यासक्रमाचे लहान लहान भाग पाडून, प्रत्येक भागाचे निकष ठरवून, थोड्या दिवसांत प्रमाणपत्र देण्याची पद्धत यातून रूढ झाली. मंडळाच्या पद्धतीत वस्ताद दीर्घकाळ सोबत राहतो, पण शिकणाऱ्यांची संख्या मर्यादित राहते. शाळेच्या पद्धतीत ही विद्या सर्वांना खुली होते, पण प्रमाणपत्र हाती पडताच गुरू-शिष्य संबंध संपण्याचा धोका असतो. आजच्या डायव्हिंग शिक्षणातील बहुतेक वादांचे मूळ या दोन परंपरांच्या फरकात आहे.

तुटलेल्या दोराची जागा प्रामुख्याने 'जोडीदार' या नियमाने घेतली. एकट्याने पाण्यात उतरायचे नाही, उतरण्यापूर्वी एकमेकांची साधने तपासायची, हवा संपल्यास जोडीदाराच्या टाकीतून घ्यायची, हा तो नियम. याबरोबर हातांच्या खुणांची भाषा आली. जमिनीवर 'छान' असा अर्थ असणारा उभा अंगठा पाण्याखाली 'वर चला' असे सांगतो. 'सर्व ठीक' म्हणण्यासाठी अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करावे लागते. खुणेचा अर्थ पाठ असणे आणि भीतीच्या क्षणी तीच खूण हातातून आपोआप उमटणे यांत जे अंतर आहे, ते केवळ सरावानेच भरून निघते.

अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी वैज्ञानिकांसाठी डायव्हिंग प्रशिक्षण सुरू केले. त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी कॉनराड लिंबॉ हे १९६० मध्ये फ्रान्समधील पोर-मियू येथील भूमिगत नदीच्या गुहेत वाट चुकून मरण पावले. ज्यांनी इतरांसाठी सुरक्षिततेचे धडे घालून दिले, तेच अनोळखी पाण्यात गमावले गेले. खुल्या समुद्रातील प्रभुत्व गुहेत उपयोगी पडेलच असे नाही, हा धडा डायव्हिंगच्या जगाने या मृत्यूतून घेतला.

सरावाचे स्वरूप

पाण्याखालील सराव म्हणजे नेमके काय, हे येथे पाहणे उचित ठरेल. दहा मीटर खोलीवर समुद्रपृष्ठाच्या दुप्पट दाब असतो. तेथे फुप्फुसे भरून घेतलेली हवा श्वास रोखून पृष्ठभागावर आणल्यास तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसांना इजा होते. त्यामुळे 'श्वास कधीही रोखू नये' हा स्कूबाचा पहिला नियम आहे. विहिरीत बुडी मारणाऱ्याचा पहिला नियम नेमका याच्या उलट असतो. म्हणजे उत्तम देशी पोहणाऱ्यालाही येथे प्रथम आपली सवय मोडावी लागते.

मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर हाताने शोधून पुन्हा तोंडात घेणे, हवा वाटून घेणे आणि प्लावक बलाचा तोल साधून तळाला न टेकता स्थिर तरंगणे, ही मूलभूत कौशल्ये होत. यांतील प्रत्येक क्रिया वर्गात पाच मिनिटांत समजते. मात्र गार पाण्यात, अंधारात, दम लागलेला असताना ती शांतपणे करता येण्यासाठी ती उथळ पाण्यात शेकडो वेळा केलेली असावी लागते. मायकेल पोलान्यी यांनी ज्याला शब्दात न मावणारे ज्ञान म्हटले, ते हेच.

परंतु केवळ पुनरावृत्ती म्हणजे सराव नव्हे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हेतुपूर्वक सरावाच्या संकल्पनेत नेमकी उणीव हेरणे, ती सुधारण्यासाठी रचलेला अभ्यास करणे आणि जाणत्याकडून तत्काळ दुरुस्ती मिळणे यांना महत्त्व आहे. जाणत्याविना केलेल्या सरावाने चूकही पक्की होते. शिवाय जाणत्यालाही आपले ज्ञान ताजे ठेवावे लागते. अनेक वर्षे मिनिटाला सुमारे १८ मीटर या वेगाने वर येणे सुरक्षित मानले जाई. अमेरिकी नौदलाने १९९३ मध्ये हा वेग निम्म्यावर, म्हणजे सुमारे ९ मीटरवर आणला. जुन्या वस्तादाने जुनाच वेग शिकवीत राहणे ही निष्ठा ठरत नाही. प्रत्येक बुडीची खोली, वेळ, पाण्याची स्थिती आणि झालेली चूक यांची नोंदवही ठेवण्याची जी प्रथा डायव्हिंगमध्ये आहे, तिचे महत्त्व यामुळेच आहे. नोंदीमुळे अनुभव तपासता येतो आणि पुढच्या पिढीच्या हाती देता येतो.

पुरातत्त्वज्ञ पाण्यात उतरतात

मार्गदर्शनाचा एक वेगळा प्रकार सागरी पुरातत्त्वाने दाखविला. १९६० मध्ये तुर्कस्तानातील केप गेलिडोनिया येथे कांस्ययुगीन जहाजाचे उत्खनन झाले. तोपर्यंत पाणबुडे वस्तू वर आणत आणि पुरातत्त्वज्ञ होडीत बसून त्यांचा अर्थ लावीत. जॉर्ज बास या तरुण अभ्यासकाने ही वाटणी नाकारली. त्यासाठी तो काही आठवडे फिलाडेल्फियातील एका तलावात बुडी मारण्यास शिकला आणि स्वतः तळाशी उतरला. मोहिमेतील मुख्य पाणबुडे होते कुस्तो यांचे जुने सहकारी फ्रेदेरिक द्युमा. विषयात गुरू असलेला बास पाण्यात शिष्य होता आणि पाण्यात गुरू असलेले द्युमा उत्खननाची शिस्त त्याच्याकडून घेत होते. आंतरविद्याशाखीय संशोधनाचे याहून चांगले उदाहरण देणे कठीण आहे.

भारतात हीच वाट गोव्यातून निघाली. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ पासून सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले आणि १९८३ पासून द्वारकेच्या किनाऱ्यालगत पाण्याखालील शोधकार्य झाले. तेथे मिळालेल्या बांधकामांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, भारतीय पुरातत्त्वज्ञांची एक पिढी या कामामुळे टाकी पाठीवर घेऊन तळाशी मोजमाप करण्यास, रेखाटने काढण्यास आणि दगडी नांगरांची नोंद घेण्यास शिकली, याविषयी दुमत नाही. याच अनुभवाच्या बळावर पुढे गोव्याच्या किनाऱ्यालगतची बुडालेली जहाजे आणि महाराष्ट्रातील विजयदुर्गसारख्या स्थळांचा अभ्यास झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ मध्ये स्वतंत्र जलान्तर्गत पुरातत्त्व शाखा स्थापन केली. २०२५ च्या फेब्रुवारीत डॉ. आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली तिच्या पाच जणांच्या चमूने द्वारकेला पुन्हा शोध सुरू केला. या चमूत तीन महिला पुरातत्त्वज्ञ होत्या. पाण्याखालील विद्येचा वारसा असा एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. मात्र त्यासाठी तिला आश्रय देणारी संस्था लागते.

मालवण : पर्यटन आणि प्रशिक्षण

महाराष्ट्रात स्कूबा लोकांपर्यंत पोहोचला तो मालवणच्या किनाऱ्यावर. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ यांमुळे हा परिसर अभ्यासकांना परिचित होता. पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून स्थानिक तरुणांना बुडीचे प्रशिक्षण मिळू लागले आणि तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. येथे शिकलेल्या मच्छीमार कुटुंबांतील तरुणांपाशी दोन्ही गोष्टी होत्या : वडिलांकडून मिळालेली भरती-ओहोटीची, वाऱ्याची जाण आणि संस्थेकडून मिळालेले दाबाचे शास्त्र. सिमी बेटावरील पाणबुड्यांना जे लाभले नाही, ते त्यांना लाभले.

तथापि, पर्यटकाचा अनुभव आणि पाणबुड्याचे शिक्षण यांत मूलभूत फरक आहे. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक हाताला धरून काही मिनिटे प्रवाळ दाखवून आणतो, तेव्हा सारे कौशल्य प्रशिक्षकाचे असते. तलावातील धडे आणि खुल्या पाण्यातील किमान चार बुड्या यांनंतर मिळणारे प्राथमिक प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट होय. सोबतचे छायाचित्र दोन्हींचे सारखेच दिसते, त्यामुळे हा फरक लोकांच्या नजरेतून सुटतो. प्रारंभी उल्लेखिलेली २०२२ ची दुर्घटना पाण्याखाली नव्हे, तर परतीच्या बोटीवर घडली. त्यावरून बोट, हवामान, प्रवासीसंख्या आणि जीवरक्षक जाकिटे हीदेखील डायव्हिंग शिक्षणाचीच अंगे आहेत, हे स्पष्ट होते.

गढूळ पाण्याची विद्या

आता वऱ्हाडकडे परत वळणे आवश्यक आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेले ते नातलग होते. पहिल्या दिवशी काहीच मृतदेह हाती लागले. उरलेल्यांचा शोध पुढे चालू राहिला. काठावर बसलेल्या नातेवाइकांच्या दृष्टीने शोधाचा प्रत्येक तास काय असतो, हे सांगण्यास शब्द अपुरे पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात अलीकडे दरवर्षी तीस हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावतात. यांतील फार मोठा भाग समुद्रातील नसून नद्या, तलाव, विहिरी आणि शेततळ्यांतील असतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची विदर्भाला जवळची तुकडी नागपूरला असते. तिला अकोल्यापर्यंत येण्यास काही तास लागतात. बुडणाऱ्या माणसाकडे काही मिनिटेच असतात. त्यामुळे प्रत्यक्षात धावून जातो तो स्थानिक पोहणाराच. अकोला जिल्ह्यातील पिंजर (ता. बार्शीटाकळी) येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकाचे नाव या संदर्भात आवर्जून घ्यावे लागते. दीपक सदाफळे यांच्या नेतृत्वाखाली या पथकातील तरुण अकोल्यासह लगतच्या जिल्ह्यांतही शोधकार्यासाठी जात आले आहेत. विहिरीवर दोर धरणाऱ्या हाताचीच ही आधुनिक परंपरा आहे.

या भागातील पाण्याचे स्वरूप मालवणहून वेगळे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ झालेल्या नदीत हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत. झाडांच्या फांद्या, जुनी जाळी, विहिरीत तारा आणि पंपाचे पाइप अडथळा होऊन बसलेले असतात. येथे डोळ्यांनी नव्हे, हातांनी पाहावे लागते. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या १२ मुलांच्या आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या सुटकेने याच प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले. २ जुलै रोजी मुलांपर्यंत प्रथम पोहोचलेले रिक स्टँटन आणि जॉन व्होलॅन्थन हे व्यवसायाने पाणबुडे नव्हते. ब्रिटनच्या अंधाऱ्या, गढूळ गुहांत त्यांनी हौसेने अनेक वर्षे सराव केला होता. त्याच मोहिमेत थायलंडच्या नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान यांचा ६ जुलै रोजी मृत्यू झाला. त्यांच्या धैर्याबद्दल किंवा तयारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पाणी बदलले की विद्याही नव्याने शिकावी लागते, हाच याचा अर्थ. याच गुहेतील पाणी उपसण्याच्या कामात महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी साहाय्य केले, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष साधनाविषयी आहे. दुर्घटनेनंतर पथकांना टाक्या, रेग्युलेटर, कॅमेरे देण्याची मागणी होते आणि ती योग्यही आहे. परंतु श्वास रोखून बुडी मारण्यात तरबेज असलेल्या तरुणाच्या पाठीवर प्रशिक्षणाविना टाकी चढविणे म्हणजे सिमी बेटाचा इतिहास अकोल्यात पुन्हा घडवणे होय. साधनाच्या खर्चात प्रशिक्षणाचा आणि पुढील नियमित सरावाचा खर्च प्रथमपासून धरला पाहिजे.

दुसरा निष्कर्ष वस्तादाविषयी आहे. तारकर्लीचा प्रशिक्षक आणि पिंजरचा पाणबुड्या यांच्यापैकी कोणीही केवळ गुरू किंवा केवळ शिष्य नाही. दाबाचे शास्त्र तारकर्लीकडे आहे, गढूळ पाण्याची विद्या पिंजरकडे. बास आणि द्युमा यांनी एकमेकांकडून घेतले तसे या दोहोंनीही घेतले, तरच या भूभागाला योग्य असा अभ्यासक्रम तयार होईल. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातील राष्ट्रीय सेवा योजना आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्था यांना त्यात स्वाभाविक स्थान आहे.

तिसरा निष्कर्ष नोंदीविषयी आहे आणि तो प्रामुख्याने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी आहे. विहिरीतील कपारी जाणणारे, नदीच्या डोहांची खोली सांगणारे वृद्ध पोहणारे अद्याप गावोगाव आहेत. त्यांच्या मुलाखती, डोहांचे नकाशे, प्रत्येक शोधकार्याची खोली-वेळ-चूक यांची नोंद हे इतिहास, भूगोल, शारीरिक शिक्षण आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे. आखाड्याला १९१४ साली जे मिळाले, ते विहिरीला अद्याप मिळावयाचे आहे.

अखेरची गोष्ट नकाराची. वस्तादाची खरी परीक्षा तो शिष्याला किती खोल नेतो यावर ठरत नाही. पाणी चढलेले असताना, काठावर गर्दी जमलेली असताना आणि सर्वांच्या नजरा आपल्याकडे लागलेल्या असताना तो शिष्याला 'थांब' असे सांगू शकतो की नाही, यावर ती ठरते. विहिरीवर दोर धरून उभा राहणारा मामा हे न शिकता जाणत होता. ते पुन्हा शिकविण्याची व्यवस्था उभी करणे हे आजच्या वऱ्हाडपुढील काम आहे.